जानेवारीत मंजूर झालेली काच

आमच्या कॉलेजच्या नव्या इमारतीचा नकाशा जानेवारीत मंजूर झाला, आणि माझं पहिलं भांडण त्या महिन्याशी आहे. माणसांशी आहेच, त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण ती बैठक मे महिन्यात ठेवली असती तर पुढचं निम्मं रामायण घडलंच नसतं, असं मला अजून वाटतं.

जानेवारीत आम्ही नागपूरकर वेगळीच माणसं असतो. अंगणात, गच्चीवर, ऑफिसच्या पायऱ्यांवर, जिथं म्हणून उन्हाचा तुकडा सापडेल तिथं पाठ करून बसतो, संत्री सोलतो आणि ऊन सरकलं की खुर्ची सरकवतो. उन्हाळाभर ज्याला शिव्या घातल्या त्याच उन्हाची अशी मनधरणी करतो, की नवख्या माणसाला वाटावं या गावात कधी उन्हाळा येतच नसेल. ती बैठकही अशीच झाली. सभागृहात गारठा होता म्हणून कोणीतरी म्हणालं, बाहेरच बसू. जुन्या इमारतीसमोरच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या गेल्या. मधोमध टेबल, त्यावर नव्या इमारतीचं मॉडेल आणि मॉडेलला खेटून संत्र्यांची टोपली. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, इमारत समितीचे सदस्य, आर्किटेक्ट आणि मी. मी कॉलेजची ग्रंथपाल. नव्या इमारतीतलं वाचनालय माझ्या ताब्यात येणार म्हणून मला बोलावलं होतं. बाई मी एकटीच.

मॉडेल देखणं होतं, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या भिंती आणि पश्चिमेच्या अंगाला वरपासून खालपर्यंत अखंड काच. त्या काचेमागे, दोन मजल्यांएवढ्या उंच दालनात, माझं वाचनालय. आत थर्माकोलची इवली इवली टेबलं आणि त्यांवर मान खाली घालून बसलेली इवली इवली माणसं. अध्यक्षांनी पेननं काचेवर टकटक केलं.

"अमरावतीकडून येणाऱ्याले नागपूर लागायच्या आधी आपलं कॉलेज दिसलं पाहिजे," ते म्हणाले. "संध्याकाळी लाइट लागले का पोरं वाचत बसलेले रोडवरूनच दिसतीन. अशी इमारत इकडे कोणाचीच नाही."

मी म्हटलं, "सर, ही पश्चिम आहे. दुपारपासून मावळेपर्यंत ऊन सरळ वाचनालयात येईल."

"येऊ द्या ना मॅडम," संत्र्याची फोड तोंडात टाकत एक सदस्य म्हणाले. "पाहा बरं, ऊन किती छान वाटून राहिलं!" आणि खरंच सगळ्यांनी डोळे बारीक करून वर बघितलं, जणू ते ऊन त्यांनीच मागवून घेतलं होतं.

"मे महिन्यात?" मी विचारलं.

"मॅडमले आतापासूनच घाम सुटला," दुसरे सदस्य म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. प्राचार्य हसले नाहीत. संत्र्याच्या बिया एका कागदात नीट गुंडाळून त्यांनी तो कागद खिशात ठेवला. नकाशा मंजूर झाला. मी म्हटलं, माझा विरोध आहे. अध्यक्ष मायेनं हसले. "विरोध कायचा मॅडम? तुम्ही तर सूचना केली."

त्या समितीतल्या एकाही माणसाचा जन्म नागपूरबाहेर झालेला नव्हता. काश्मीरहून आलेले असते तर मी क्षमा केली असती. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, डांबराला चप्पल चिकटते, घराबाहेर पडताना ऊन लागू नये म्हणून आई खिशात कांदा घालते, हे सगळं यांच्या अंगावरून गेलेलं आहे. पण पहिला पाऊस पडला की आम्ही उन्हाळा असा विसरतो, जणू तो कधी आलाच नव्हता. आणि मग थंडीत बसून काचेची घरं मंजूर करतो.

जुन्या वाचनालयाबद्दल सांगितल्याशिवाय माझा राग कळायचा नाही. अमरावती रोडवरची वाडी ओलांडली की पुढे आमचं कॉलेज. जुनी इमारत बसकी होती, फोटोत घेण्यासारखी मुळीच नव्हती. पण तिच्या भिंती हातभर जाड, चारी बाजूंनी व्हरांडा, खिडक्यांवर रुंद छज्जे आणि वाचनालय उत्तरेला. तिथल्या खिडक्यांना बाहेरून लोखंडी स्टँड ठोकलेले आणि त्यांवर कूलर. फेब्रुवारी सरता सरता आम्ही कूलर उघडायचो, टाक्या घासायचो, कुजलेल्या ताट्या काढून गवताच्या नव्या ताट्या बसवायचो, पंप पाणी चढवतो का ते बघायचो. नागपुरातल्या घराघरांत त्या दिवसांत हेच चाललेलं असतं. पहिल्यांदा कूलर सुरू झाला की ओल्या गवताचा वास दालनभर पसरायचा आणि पोरी डोळे मिटून तो वास घेत बसायच्या.

कूलर म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत ओढतो, आणि समोरच्या उघड्या खिडकीतून ती हवा बाहेर जाते. आत यायला एक खिडकी हवी, बाहेर जायला दुसरी. आमच्याकडे हे शाळेतल्या पोरालाही सांगावं लागत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत इतर कॉलेजांची वाचनालयं ओस पडतात, आमचं भरायचं. वाडीतून, कळमेश्वरकडून मुली यायच्या. पुस्तकं बहुतेक त्यांची स्वतःचीच असायची. त्या गारव्यासाठी यायच्या, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. ज्याच्या डोक्यावर तापलेला पत्रा आहे त्याला आधी सावली लागते, मग पुस्तक. एका प्राध्यापकांनी एकदा मला टोमणा मारला होता, "मॅडम, तुमच्याकडे वाचक येत नाहीत, हवा खाणारे येतात." मी म्हटलं, "हवा खाऊन वाचतात ना? मग तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?"

त्या मुलींमधलीच एक. तिचं नाव मी इथं घेणार नाही. पहिल्या वर्षाला होती तेव्हापासून ती यायची आणि कूलरजवळच्या एका ठरलेल्या खुर्चीवर बसायची. घर वाडीत, भाड्याची एक खोली, वर पत्रा. वडील टेम्पो चालवायचे. तिनं एकदा सांगितलं होतं, "दुपारी पलंगाच्या पाइपाले हात लागला तर चटका बसते मॅडम. पुस्तक उघडलं का घाम टपटप पानावर पडते." बी. ए. झाल्यावर ती सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करायला लागली. हुशार होती, आणि हुशारीपेक्षा जास्त चिवट होती. एकदा बसली की पाणी प्यायलासुद्धा उठायची नाही.

पण आधी आर्किटेक्टचं सांगते. तो परका असता तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला काय ठाऊक. पण तो आमच्याच प्रताप नगरातला, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा. त्याला मी शाळेच्या गणवेशात बघितलेलं. बैठकीनंतरच्या मे महिन्यात, कॉलेजात पाया खणून झाला होता तेव्हा, एका दुपारी मी डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि त्याच्या घरी जाऊन धडकले. दार त्याच्या आईनं उघडलं. हॉलमध्ये काळोख. एका खिडकीत कूलर घों घों करत होता. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड चादर ठोकलेली, तिच्यावर आणखी एक सतरंजी. आणि आमच्या काचेच्या महालाचा निर्माता बनियनवर, कूलरसमोर, थंड फरशीवर उताणा पडलेला.

"हे काय रे?" मी सतरंजीकडे बोट दाखवलं.

"ऊन येते काकू तिकडून," तो गडबडीनं उठून बसला.

"तुझ्या घरी ऊन येतं. मग माझ्या वाचनालयात काय चांदणं येणार आहे?"

त्याचा चेहरा उतरला. शर्ट शोधत तो म्हणाला, "काकू, मले समजत नाही का? पहिल्या नकाशात वाचनालय मी उत्तरेलेच ठेवलं होतं. छज्जे होते, उघडणाऱ्या खिडक्या होत्या. कूलर मागून लावता यावे म्हणून जाळीची गॅलरीसुद्धा दिली होती. अध्यक्ष साहेबांनी पाहिलं आन म्हणाले, हे तर जिल्हा परिषदेची शाळा वाटून राहिली. कूलर लटकलेले दिसले तर कॉलेज कोण म्हणन याले? काच दाखवा."

"आणि तू दाखवलीस."

"नाही दाखवली असती तर दुसऱ्यानं दाखवली असती."

हे उत्तर मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की माझं डोकंच फिरतं. दुसऱ्यानं दाखवली असती तर दुसऱ्याला शिव्या दिल्या असत्या. त्याची आई पन्ह्याचा ग्लास माझ्या हातात देत म्हणाली, "त्याले नको रागवू वं. पहिलंच मोठं काम आहे त्याचं." मी पन्हं प्यायले. उन्हातून आले होते, नाही कसं म्हणणार. पण ग्लास ठेवताना विचारलं, "निदान त्या काचेत उघडणारी एखादी खिडकी?"

"नाही काकू. ते पूर्ण फिक्स आहे. पण एसीचं प्रोव्हिजन दिलं आहे ना, पूर्ण हॉलले."

"एसी लागणार आहेत?"

"ते सेकंड फेजमध्ये."

प्रोव्हिजन! या शब्दाइतका निगरगट्ट शब्द मी दुसरा बघितला नाही. भिंतीला भोक पाडायचं, त्यातून एक नळी काढायची, नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकचं टोपण बसवायचं आणि म्हणायचं, सोय केली आहे. जेवायला बोलावून ताट मांडायचं आणि सांगायचं की वाढप दुसऱ्या टप्प्यात आहे. आजही त्या वाचनालयाच्या भिंतीवर ती टोपणं आहेत. एसी लागले ते अध्यक्षांच्या केबिनमध्ये आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीत. त्या दोन्ही खोल्या उत्तरेला आहेत.

इमारत उभी राहिली आणि उद्‌घाटन झालं तेही पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात, दुसरं काय होणार! पाहुण्यांना वाचनालयात आणलं तेव्हा दुपार कलली होती. काचेतून कोवळं ऊन आत सांडलं होतं आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर ते सोन्यासारखं पडलं होतं. पाहुणे म्हणाले, ज्ञानाचा प्रकाश म्हणतात तो हाच. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. आर्किटेक्ट कोपऱ्यात उभा होता. माझी नजर चुकवत होता.

त्यानंतर जुन्या इमारतीची पाळी आली. ती नव्या इमारतीचं तोंड झाकते म्हणून पाडायची आणि तिथं लॉन करायचं, असं ठरलं. मी प्राचार्यांकडे गेले, अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, पाडा, पण हा एक उन्हाळा जाऊ द्या. निदान उत्तरेचं दालन ठेवा, पावसाळ्यात पाडा. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, इतकी नवीन इमारत दिली तुम्हाले, आन तुमचा जीव त्या खंडरातच अडकला." फेब्रुवारीत, ज्या दिवसांत आम्ही ताट्या बदलायचो त्याच दिवसांत, जेसीबीनं त्या हातभर जाड भिंती ढकलल्या. त्या लवकर पडल्या नाहीत, एवढंच मला समाधान. आमच्या घरी हातमाग होता, दिवसभर घरात बसूनच काम. माझे वडील म्हणायचे, घर बाहेरून कसं दिसतं ते शेजाऱ्यानं बघावं, आपल्याला आत बसायचं आहे. अध्यक्षांनी कॉलेज बांधलं ते रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी, आत बसणाऱ्यांचा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नाही.

त्याच फेब्रुवारीत ती वाडीची मुलगी मला म्हणाली, "मॅडम, बाबांनी हा उन्हाळा दिला आहे मले." म्हणजे काय ते मी विचारलं. वडिलांचं म्हणणं असं होतं, की या उन्हाळ्यात मन लावून अभ्यास कर, पावसाळ्याच्या तोंडाशी परीक्षा आहे ती दे. झाली तर सोनंच. नाही तर कामाला लाग, घरी आणखी दोन हात पाहिजेत. बाप वाईट नव्हता. त्याच्या ऐपतीत जेवढं बसत होतं तेवढं त्यानं दिलं होतं. एक उन्हाळा. आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही तिला काचेमागे बसवलं.

मार्चच्या मध्यापर्यंत सगळं ठीक चाललं. मग एका दुपारी मी टेबलावर हात टेकला आणि झटकन उचलला. सनमायका तापला होता. पुढच्या आठवड्यात पुस्तकांच्या पाठी सुटायला लागल्या, कारण बांधणीतला डिंक मऊ पडत होता. प्लॅस्टिकची वेष्टनं वाकडी झाली. पंखे गरगर फिरायचे आणि वरची गरम हवा खाली ढकलायचे. जानेवारीत ती मोठी माणसं उन्हामागे खुर्च्या सरकवत होती. आता माझ्या पोरी खांबाच्या सावलीमागे खुर्च्या सरकवायला लागल्या. चार वाजेपर्यंत सावलीचा एक बारीक पट्टाच उरायचा आणि त्या पट्ट्यात सगळ्या मुली एकीमागे एक, रेल्वेच्या डब्यासारख्या बसायच्या. ती मुलगी शेवटपर्यंत बसायची. ओला रुमाल डोक्यावर टाकून, पानावर कोपर टेकून.

मी प्राचार्यांकडे गेले. आरडाओरडाच केला म्हणा. दोन दिवसांनी चार नवे कोरे कूलर आले, आणि ते चारही वाचनालयाच्या आत, भिंतीला टेकवून ठेवले गेले. आत! जिथं एकही खिडकी उघडत नाही अशा दालनात! पाणी भरलं, बटण दाबलं. पहिला अर्धा तास सगळ्यांना बरं वाटलं. मग तीच ओली हवा आतल्या आत फिरायला लागली. दालनाची अशी गत झाली, की जणू भांड्यात शेंगा उकडायला ठेवून वर झाकण घालावं. कपडे अंगाला चिकटले, पुस्तकांची पानं लाटेसारखी वळली, एका मुलीला मळमळायला लागलं. मी कूलर बंद केले आणि तशीच प्राचार्यांच्या दारात गेले.

"सर, तुमच्या घरी कूलर कुठं आहे?"

"खिडकीत."

"ती खिडकी उघडते?"

"उघडते."

"इथली उघडत नाही."

त्यांनी टेबलावरची काच रुमालानं पुसली. मग म्हणाले, "मॅडम, मी काय करू सांगा? साहेब म्हणून राहिले, कूलर पाहिजे होते, कूलर दिले. आता मी कोणत्या तोंडानं जाऊ?" मला त्यांची दया आली नाही. त्यांना सगळं कळत होतं, आणि कळूनही बियांचा कागद खिशात घालणारा माणूस मला न कळणाऱ्यापेक्षा जास्त चीड आणतो.

मग पोरींनीच मार्ग काढला. एका सकाळी त्यांनी जुनी वर्तमानपत्रं आणली, खळ शिजवून आणली आणि हात पोचेल तिथवर सगळ्या काचेला कागद चिकटवले. मी बघत होते, अडवलं नाही. उलट स्टूल धरायला गेले. त्या दुपारी तिथं थोडं तरी बसवलं. वरून ऊन यायचं, पण डोळ्यांवर यायचं नाही. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी ते रस्त्यावरून, आपल्या गाडीतून बघितलं.

ते तावातावानं दालनात शिरले. "हे कोणी केलं? इमारतीचं तोंड काळं केलं! लोक काय म्हणतीन?"

मी पुढे होणार तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली. "मी लावले सर. ऊन डोळ्यावर येते. अक्षर दिसत नाही."

"बाळा, हे एवढं तुमच्यासाठीच तर बांधलं."

"मग सर, बसा ना थोडे," ती म्हणाली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तिनं खरोखरच आपली खुर्ची ओढून त्यांच्यासाठी ठेवली, आणि काचेचा एक कागद सोलून काढला. ऊन सरळ त्या खुर्चीवर पडलं.

सगळ्या पोरी बघत होत्या, त्यामुळे त्यांना बसावं लागलं. बसले. खिशातून रुमाल काढला. कपाळ पुसलं, मान पुसली. चष्म्यावर हात धरला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, किंवा वाजला असं ते म्हणाले, आणि "हो हो, निघालोच" म्हणत ते उठून गेले. जाताना दारात शिपायाला सांगून गेले, कागद आजच निघाले पाहिजेत. आणि निघाले. ओल्या फडक्यानं खळ पुसली, काच लख्ख केली, आणि बाहेरून इमारत पुन्हा चमकायला लागली.

त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. दुःखानं नाही, संतापानं. खुर्चीवर बसून, चटका सोसून, घाम पुसूनसुद्धा माणसाला कळत नसेल तर त्याला सांगायचं तरी काय आणि कोणत्या भाषेत? आणि समजा कळलं असेल, तर ते त्याहून वाईट.

मग मुली इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये जाऊन बसायला लागल्या. एवढ्या मोठ्या इमारतीत थंड जागा तेवढी एकच, दुचाकींच्या मधली. सतरंजी टाकून, पाठ खांबाला टेकवून वाचायच्या. पेट्रोलचा वास यायचा, अंधार असायचा, पण बसता यायचं. मी पुस्तकं खाली पोचवायचे. मग कोण्या पाहुण्याची गाडी आत येताना एका पोरीच्या पिशवीवरून गेली, आणि पार्किंगमध्ये बसायला मनाई झाली. गार्डनं दोरी बांधली. त्यानंतर दुपारी वाचनालयात उरायचे ते मी आणि ते चार कूलर. ती मुलगी काही दिवस सकाळचीच यायची, ऊन चढायच्या आत निघून जायची. मग सकाळचीही येईनाशी झाली. मी फोन केला तर लागला नाही.

मे संपत आला होता. एका संध्याकाळी मी कॉलेजातून निघून वाडीला बस बदलायला उतरले. अजून गरम झळा येत होत्या, थांब्यावरच्या बायकांनी तोंडं बांधलेली. आणि त्या गर्दीत ती दिसली. हातावर लोकरीचा स्वेटर. मला वाटलं, माझंच डोकं तापलं आहे.

"स्वेटर?" मी तेवढंच म्हटलं.

ती हसली. "औषधाच्या गोदामात लागली मॅडम, थोडं पुढे. आता तिकडेच चालली. पॅकिंगचं काम. आत लय थंडं राहते. पहिल्या दिवशी तर मले हुडहुडी भरली होती."

"आणि परीक्षा?"

"देईन ना. पण आता अभ्यास कायचा." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "घरी बसणं होत नव्हतं, कॉलेजात बसणं होत नव्हतं. बाबा म्हणाले, उन्हाळा असाच चालला तर कामालेच लाग. बरोबरच होतं त्यांचं. डब्याच्या सुट्टीत वाचून राहिली मी. तिथं मस्त वाचणं होते मॅडम, एकदम शांत, थंडं. पण सुट्टी किती असते? डबा खाऊ का वाचू?"

मी तिच्या हातावरचा स्वेटर चाचपला. शेवटी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, की इतकं थंड कशाला ठेवतात गं ते गोदाम.

"औषधं खराब होतात ना गरमीनं," ती म्हणाली. "नियमच आहे. भिंतीवर मीटर लावला आहे. आकडा थोडासा वर गेला का घंटी वाजते. आन घंटी वाजली का मोठे साहेब स्वतः पळत येतात, काय झालं, काय झालं करत."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं, माझा विश्वास बसला नाही. तेवढ्यात तिची बस आली. ती पायरीवर चढली आणि दांडा धरून मागे वळली.

"खरंच मॅडम," ती म्हणाली. "पळत येतात."